मिखाएलच्या आदल्या दुपारची मैफल

कॉफीची दुसरी फेरी ओतून होत होती आणि पडद्यावर जुन्या मैफलीतलं तिसरं गाणं रंगात आलं होतं, तेवढ्यात इंटरनेट दमलं आणि चित्र जागच्या जागी थिजलं. कॅमेरा वाद्यवृंदावरून नुकताच प्रेक्षकांकडे वळला होता. काळ्यापांढऱ्या चेहऱ्यांच्या रांगांमागून रांगा, आणि पाचव्या रांगेच्या कडेला एक मुलगी मान मागे टाकून हसत होती. फनायेनं कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथंच राहिला. ती मुलगी म्हणजे ती स्वतः होती. पडद्याच्या मधोमध एक छोटं पांढरं वर्तुळ गरगरत होतं, आणि त्या वर्तुळाच्या बरोबर खाली तिचे अठराव्या वर्षीचे दात दिसत होते.

आता सरकेल, तिनं मनाशी म्हटलं. आत्ता सरकेल. एरवी दर रविवारी हे वर्तुळ आलं की सगळे वैतागायचे. थोरली बहीण तिरुवर्कताई कपाळावर हात मारून म्हणायची, गेलं बाई तुमचं इंटरनेट पाणी प्यायला. गुलेले भागातल्या ताईच्या घरी चर्चहून आल्यावर जेवण व्हायचं, मग ताईची लेक ह्लीना जमिनीवर गवत पसरून कॉफीचे दाणे भाजायला घ्यायची आणि भिंतीवरचा मोठा टीव्ही लागायचा. आधी ह्लीनाच्या सहा वर्षांच्या ब्लेनसाठी जुनी कार्टून, ज्यात कड्यावरून पडलेलं जनावर चपटं होतं आणि पुन्हा फुगून पळायला लागतं. मग ताईसाठी एखादा जुना हिंदी सिनेमा. त्यातला एक शब्द तिला कळत नसे, आणि नेमकी रडायच्या जागी ती रडायची. शेवटी जुन्या मैफली, त्या फनायेसाठी. नवरा वोंदेसेन गेल्यापासून चार वर्षांत या दुपारच्या जोरावर ती आठवडा काढत आली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांत शुक्रवारपासूनच तिला या गवताचा आणि धुपाचा वास यायला लागायचा. आज ह्लीना मोठ्या उत्साहानं म्हणाली होती, ‘मावशी, तुझ्यासाठी खास आहे. कुणा जुन्या कॅमेरावाल्याच्या घरात फिल्मचे डबे सापडले म्हणे, त्याच्या मुलानं परवाच सगळं इंटरनेटवर चढवलं.’ आणि फनायेनंच घाई केली होती, लाव लाव म्हणून.

ब्लेन उठून टीव्हीजवळ गेली आणि तिनं बरोबर त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ‘ही फनायेआजीसारखी हसते.’

‘चल, काच खराब होईल,’ फनाये म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला.

‘थांब थांब,’ ह्लीना कॉफीचं भांडं खाली ठेवून पुढे सरकली. ‘मावशी! अगं तूच आहेस ही! आई, चष्मा घाल, बघ तरी कोण आहे!’

तिरुवर्कताईला गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात हे वर्तुळ थांबावं, लाइट जावेत, निदान ते भांडं लवंडून सगळं गवत पेटावं, असं फनायेला वाटत राहिलं. पण लाइट, जे एरवी सांगून ठेवल्यासारखे जायचे, ते आज गेले नाहीत. ताई पडद्याला नाक लावून उभी राहिली. तिचा श्वास काचेवर उमटला. ‘अगंबाई,’ ती म्हणाली, ‘हीच की ग. काय तुझे केस तेव्हा! आणि बाजूला वोंदेसेन ना? मेला कसा बसलाय, परीक्षेला बसल्यासारखा.’ ती हसली, आणि हसता हसता तिचं बोट खाली, खांद्यावरच्या शालीवर घसरलं. ‘हा नेतला माझा. हे चौकटीचे काठ मी सांगून विणून घेतले होते. तुला कधी दिला ग मी?’

‘आठवत नाही ताई.’

‘मलाही नाही,’ ताई म्हणाली, आणि गाणं पुन्हा सुरू झालं.

चार सेकंद. त्या मुलीचं हसू पुरं झालं, तिनं शाल सावरली, वोंदेसेनच्या कानाशी काहीतरी बोलली आणि कॅमेरा परत गायकाकडे वळला. कुणाला काही कळलं नव्हतं. ह्लीनाच्या हातात फोन आला होता, तिनं ते चित्र टिपून घेतलं होतं, कॅनडातल्या भावाला पाठवलंही होतं. फनायेची नजर मात्र चित्राखालच्या बारीक अक्षरांवर खिळली होती. तिथं तारीख होती, फिरंगी पंचांगातली: वीस नोव्हेंबर एकोणीसशे सत्त्याहत्तर. टेलिफोन खात्यात परदेशी जोडणीच्या टेबलावर तिची तीस वर्षं गेली होती, तिकडची तारीख इकडे करायला, साल सात-आठ वर्षं मागं न्यायला तिला बोटं मोजावी लागत नसत. हिदार अकरा, एकोणीसशे सत्तर. संत मिखाएलच्या सणाचा आदला दिवस, रविवार. ताईला तिकडच्या तारखा कळत नव्हत्या, तिला कधी गरजच पडली नव्हती. पण हिदार महिन्याची अकरा तारीख तिला कळत होती. त्या दिवशी ती सेहेचाळीस वर्षं उपास करत आली होती. त्या दिवशी शिपायांनी त्यांच्या भावाला, शिमेलिसला नेलं होतं, ते कायमचं.

घरी येईपर्यंत मिनीबसमध्ये तिनं दोन वेळा उतरायची जागा चुकवली. त्या आठवड्यात तिला झोप लागली नाही असं नाही, झोप लागायची, पण दिवसाच भीती वाटायची. भर उन्हात, बाजारात कांदे निवडताना पाठीमागून कुणी ‘फनाये’ म्हटलं की ती कांदे तसेच टाकून निघायची. फोन वाजला की ती आधी ताईचं नाव आहे का ते बघायची, आणि नसलं की भीती आणखी वाढायची, कारण मग ताई बोलत का नाही असं वाटायचं. ताई त्या नेतल्याचा विचार करत असेल. ताईची आठवण भिंतीत मुरलेल्या पाण्यासारखी होती, महिनाभर काही दिसायचं नाही आणि एक दिवस डाग वर यायचा. तो नेतला ताईनं तिला एकदाच दिला होता. ‘माझा पांघर, मोठी दिसशील, चौकीवर अडवणार नाहीत,’ असं म्हणून स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावरून घेतला होता.

ताई तेव्हा चोवीस वर्षांची, वॉर्डाच्या समितीच्या कचेरीत टायपिस्ट. त्या दिवसांत सकाळी रस्त्याच्या कडेला लष्करी राजवटीनं मारलेली मुलं पडलेली असायची, छातीवर कागद अडकवलेली, आणि आयांना रडायची परवानगी नव्हती. एकवीस वर्षांचा शिमेलिस विद्यापीठातून पळून कझान्चिस वस्तीत पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत लपला होता. शनिवारी संध्याकाळी ताईनं स्वतःच्या बोटांनी झडतीची यादी टाइप केली आणि तिच्यात ती गिरणी होती. रविवारी तिला कचेरीत हजर राहायचं होतं, हलली असती तर संशय आला असता. म्हणून फनाये. ‘दुपारीच जा. झडती साडेपाचला आहे. त्याला म्हणावं, खालच्या ओढ्यानं निघ, काही घेऊ नकोस. ऐकतेयस ना?’ ऐकत होती. तिनं चार वेळा म्हणून दाखवलं होतं. आणि सरकारी नाट्यगृहाच्या चौकात वोंदेसेन उभा होता, इस्त्रीचा कोट घालून, हातात दोन तिकिटं. दोनला सुरू होतंय, तो म्हणाला. एक गाणं ऐक नि जा. दोन वाजले होते. साडेपाचला अजून साडेतीन तास होते. एक गाणं.

फोनच्या छोट्या पडद्यावर तिनं ते चार सेकंद किती वेळा पाहिले याची गणती नव्हती. सुरुवातीला ती मुलगी दुसरी कुणी निघेल या आशेनं पाहत होती. मग तिला त्या मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधायचं होतं, एखादी सुरकुती, घड्याळाकडे गेलेली नजर, कशाची तरी टोचणी. तिथं काहीच नव्हतं. ती मुलगी सुखात होती. हीच गोष्ट फनायेला आतून ठाऊक होती आणि हीच तिनं कधी स्वतःशी उच्चारली नव्हती: ती दुपार तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर दुपार होती. पितळी वाद्यांचा तो एकदम छातीवर येणारा लोंढा, पांढऱ्या कोटातल्या गायकाचा कापरा, लांबत जाणारा सूर, शेजारच्या हाताची ऊब. बाहेरच्या भीतीनं दोन वर्षं आवळून ठेवलेलं काहीतरी तिच्या शरीरात सैल झालं होतं. तिला शिमेलिस आठवत होता. आठवत असूनही ती बसून राहिली होती. नंतर तिनं स्वतःला एक कारण दिलं होतं, की कुणी बडा अधिकारी आला म्हणून मध्यंतरानंतर दारं लावून घेतली, कुणाला बाहेर सोडत नव्हते. हे कारण इतकी वर्षं वापरून गुळगुळीत झालं होतं, तिला त्या बंद दारांचा रंगसुद्धा दिसायचा. बुधवारी दुपारी तिनं चित्राखाली लोकांनी लिहिलेलं वाचलं. कुणी गायकासाठी हळहळलं होतं, कुणी आपल्या बापाला ओळखलं होतं. आणि एकानं लिहिलं होतं: ‘मी त्या दिवशी दारावर होतो. काय गर्दी! पोरं सारखी सिगरेट ओढायला आत-बाहेर करत होती. शेवटपर्यंत दारं उघडीच ठेवली होती आम्ही.’

तिनं फोन उशीखाली घातला, मग त्यावर बसली. बंद दारं गेली. आता तिथं फक्त उघडं दार होतं, त्यातून येणारा हिदारचा पिवळा उजेड, आणि त्या उजेडाकडे पाठ करून बसलेली ती.

ती कझान्चिसला पोचली तेव्हा सहा व्हायला आले होते. गल्लीत ट्रक उभा होता. ती वळली आणि घरी आली. आई चुलीपाशी होती, ताई दारात. ‘सांगितलंस?’ ताईनं विचारलं, आणि फनाये म्हणाली, ‘मी तीनला गेले होते. किती वेळ कडी वाजवली. खोलीत कुणीच नव्हतं.’ तिला वाटलं होतं, एवढंच पुरेल. पण खोटं बोललेलं एका जागी बसत नाही. तीनला तो खोलीत नव्हता, तर कुठं होता? साडेपाचला त्याला परत कुणी आणलं? ट्रक आला तेव्हा सेनाइत गल्लीच्या तोंडाशी उभी होती हे गिरणीतल्या बायकांनी पाहिलं होतं. सेनाइत म्हणजे शिमेलिसची मैत्रीण, विणकराची मुलगी, लग्न ठरल्यातच जमा होतं. ताईनं दोन नि दोन चार केले. सेनाइतनंच त्याला बाहेर काढलं, तिनंच परत आणून शिपायांच्या हातात दिला. ताईनं हे आधी घरात म्हटलं, मग विहिरीवर, मग चर्चच्या अंगणात. सेनाइतशी कुणी लग्न केलं नाही. तिच्या बापाचं विणलेलं कुणी घेईना. राज्य बदललं, दोनदा बदललं, सूत कातणारी ती म्हातारी अजूनही चर्चमागच्या गल्लीत एकटी राहत होती आणि ताई अजूनही तिला पाहून रस्ता ओलांडायची. फनायेही ओलांडायची, ताईच्या मागोमाग, मान खाली घालून.

शुक्रवारी संध्याकाळी ताईचा फोन आला. ‘रविवारची वाट बघू नकोस. उद्याच ये.’

‘का ग?’

‘ये म्हटलं की यावं.’

शनिवारी दुपारी ताईच्या घराचं दार उघडंच होतं. ब्लेन कार्टून बघत होती, हातोडा डोक्यावर बसलेल्या कुणाच्या तरी भोवती तारे फिरत होते आणि ती खिदळत होती. ताईनं फनायेचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर नवी चौकट होती. ह्लीनानं ते चित्र मोठं करून छापून आणलं होतं. मान मागे टाकून हसणारी मुलगी आता माणसाएवढी झाली होती आणि शिमेलिसच्या जुन्या फोटोशेजारी टांगली होती.

‘आवडलं का?’ ताईचे डोळे चमकत होते. ‘सगळ्यांना धाक आणि दुःख त्या वर्षांत. मी म्हटलं ह्लीनाला, निदान आमच्यातलं एक तरी तेव्हा हसलं होतं, ते लाव भिंतीवर. खाली तिनं आपल्या पंचांगातली तारीख घातली आहे, फोनवर काढून. अक्षर फार बारीक केलंय पोरीनं. सकाळपासून चष्मा सापडत नाहीये मला. वाच ना काय लिहिलंय.’

फनायेनं वाचलं, मनात. सोनेरी अक्षरांत बरोबर तेच होतं. ह्लीना पुष्कळ वर्षांनंतर जन्मली होती, तिच्यासाठी मामाचा दिवस म्हणजे मिखाएलचा उपास, तारीख नव्हे. फनायेच्या जिभेवर दुसरी तारीख तयार होती. गेन्बोत महिना म्हण. तिकिम्त म्हण. आदलं वर्ष म्हण. ताईचा चष्मा सापडेपर्यंत तासभर मिळेल, मग चौकट पडेल, काच फुटेल, काहीतरी करता येईल. इतक्या वर्षांत ती असाच एकेक तास मिळवत आली होती. बाहेर ब्लेन हसत होती. तिला वाटलं, आपण ओरडणार. पण तोंडातून अगदी कोरडा, कचेरीतला आवाज आला, परदेशी जोडणीवर आकडे सांगायची तसा.

‘हिदार अकरा, एकोणीसशे सत्तर.’

ताईचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि हळूहळू त्याखालचं माणूस निघून गेलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ तिचे ओठ हलत होते, मोजल्यासारखे.

‘किती वाजता होतं हे?’

‘दोनला सुरू झालं.’

‘आणि संपलं?’

‘साडेपाचला.’

‘तीनला?’

‘तीनला मी तिथंच होते ताई. मी गेलेच नाही. पोचले तेव्हा ट्रक होता.’

ताई तिच्याकडे बघेल, मारेल, छाती बडवून रडेल, या घटकेला फनाये जन्मभर भ्यायली होती. ताईनं यातलं काही केलं नाही. ती खिडकीकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, ‘सेनाइत.’ मग गुडघ्यांवर हात रोवून ती उठली, खुंटीवरची शाल घेतली. ‘चल,’ ती म्हणाली. ‘मला सांगून काय उपयोग? मी कोण? तिला सांग.’

चर्चमागची गल्ली दोनशे पावलं होती. ताई पुढे, फनाये मागे. सेनाइत अंगणात उन्हाला बसून चाती फिरवत होती, पांढरा धागा तिच्या गुडघ्यापासून हातापर्यंत लांबत होता. फाटकात तिरुवर्कला पाहून तिची चाती थांबली. पण ती उठली नाही, घाबरलीही नाही. तिनं बाजूचं तिवईवजा स्टूल पायानं पुढे सरकवलं. ‘बसा. गुडघे दुखत असतील.’

ताई उभीच राहिली. ‘हिला काही सांगायचंय.’

फनायेनं सांगितलं. मधे एकदा सेनाइतनं तिला तांब्यातून पाणी दिलं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

‘मला ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘मी होते ना तिथं. दुपारी एकपासून त्याच्यापाशी होते. त्या खोलीत कडी वाजली असती तर मला ऐकू आली नसती का? कुणी आलं नाही. पाच वाजता म्हणाला, भूक लागली, म्हणून मी पाव आणायला गेले. परत आले तर ट्रक.’

‘मग बोलली का नाहीस?’ तिरुवर्कचा आवाज फाटला. ‘अग बये, मी तुझं आयुष्य... का नाही बोललीस?’

‘बोलले होते. तुमच्या आईला. महिन्याभरानं आले होते, तुम्ही कचेरीत होता. सगळं ऐकून घेतलंन तिनं. मग माझे पाय धरले. म्हणाली, एक गेला माझा. हे बाहेर आलं तर ही पोर विहीर जवळ करेल. धाकटीला माझ्या पदरात राहू दे, तू तोंड मीट.’ सेनाइतनं फनायेकडे पाहिलं. त्या नजरेत राग शोधावा तर तोही नव्हता. ‘मी वीस वर्षांची होते. मला वाटलं, चार दिवसांचं तर आहे. लोक विसरतील. म्हटलं, बरं.’

तिरुवर्क खाली मातीतच बसली आणि तिनं सेनाइतच्या मांडीवर डोकं टेकलं. रडण्याचा आवाज आला नाही, फक्त पाठ हलत होती. सेनाइतचा हात काही वेळ हवेत राहिला, मग त्या पांढऱ्या केसांवर आला. दोघींपैकी कुणीही फनायेला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

ती फाटकाशी उभी होती. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की भीती जाईल. पण आता तिला खरी थंडी भरली, हाडांतून. ज्या बाईला चुकवत ती जन्मभर रस्ते ओलांडत होती तिला माहीत होतं. ते एक वेळ सोसलं असतं. पण आईला माहीत होतं. आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. एका ताटातला घास तिनं स्वतःच्या हातानं फनायेच्या तोंडात घातला होता, लग्नात तिचे केस विणले होते, तापात उशाशी बसली होती, आणि प्रत्येक वेळी तिला माहीत होतं. फनाये एकेक आठवण उघडून बघू लागली आणि प्रत्येकीत आई तिच्याकडे बघत होती. आईनं एकदाही काही विचारलं नव्हतं. आणि त्या हिदारनंतर तिला कधी कुणाकडे निरोप घेऊन पाठवलं नव्हतं, शेजारणीकडे मीठ मागायलासुद्धा नाही. उठायला जमेनासं झालं तरी आई स्वतः जायची, भिंतीला धरून धरून. सगळे म्हणायचे, धाकटीवर फार जीव हिचा. फनायेलाही तसंच वाटायचं.